युरियाच्या पोत्याचा धागा

(जिल्हा बैठकीत झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



अध्यक्षांनी मला विचारलं, आज कशावर बोलणार? मी म्हणालो, पोत्यावर. त्यांना वाटलं मी थट्टा करतो. हमीभाव आहे, वीजबिल आहे, पीकविमा आहे आणि हा माणूस पोत्यावर बोलणार! पण मी थट्टा केली नव्हती. हे पाहा, मंडपाच्या दारातून आत येताना उचलून आणलेलं युरियाचं पोतं. कोणीतरी बुडाखाली घ्यायला आणलं असेल. ज्याचं असेल त्याला परत देईन, फक्त याची एक पट्टी मी काढून घेणार आहे.

ही पट्टी. पुढच्या दोघांनी ओढून पाहा. तुटत नाही, बोटाला कापते. आता मी हिला तळहातावर चोळतो, तंबाखू मळतो तसा. पाहा काय झालं. एका पट्टीचे बारीक बारीक केस झाले. पांढरे. आता हे केस या कापसाच्या बोंडात मिसळतो आणि मागे पाठवतो. डोळे चांगले असलेल्या पोरांनी शोधून काढावेत. माझं भाषण संपेपर्यंत वेळ आहे.

या वस्तूला पॉलिप्रॉपिलीन म्हणतात. डब्याच्या, खुर्चीच्या बुडाशी त्रिकोणात ५ चा आकडा छापलेला असतो, तो या जातीचा. तेल शुद्ध करताना प्रोपिलीन नावाचा वायू निघतो, त्याचे रेणू एकापुढे एक जोडून हे बनतं. इटलीत मिलानला नत्ता नावाच्या प्राध्यापकानं १९५४ साली ते घट्ट, कामाचं करून दाखवलं. त्यासाठी लागणारं उत्प्रेरक जर्मनीच्या झीगलरच्या कामातून आलं होतं. दोघांना मिळून १९६३ साली नोबेल मिळालं. गंमत अशी की अमेरिकेत एका तेल कंपनीतल्या होगन आणि बँक्स या दोघांच्या हाती हीच वस्तू १९५१ मध्येच लागली होती. पेटंट कोणाचं हे भांडण १९८३ पर्यंत चाललं आणि अमेरिकेतला निकाल त्या तेल कंपनीच्या बाजूनं लागला. तीस वर्षं हक्कासाठी कोर्टात भांडले, त्यांना कोणी अडाणी, हट्टी म्हटलं नाही.

नत्तानं केलं काय? ज्वारीचा धांडा डोळ्यापुढे आणा. त्याला एक पान या बाजूला, एक पान त्या बाजूला. असे धांडे रचले तर पेंढी फुगीर होते, मध्ये पोकळी राहते. समजा सगळी पानं एकाच बाजूला आली, तर धांड्याला धांडा चिकटून बसेल आणि पेंढी दगडासारखी घट्ट होईल. या प्लास्टिकच्या साखळीलाही अशा फांद्या असतात. त्या वाटेल तशा आल्या तर वस्तू चिकट, गोंदासारखी होते. नत्तानं त्या एका बाजूला आणल्या आणि वस्तू कडक झाली, उकळत्या पाण्यात टिकू लागली. वितळायला १६० अंशाच्या वर उष्णता लागते. वजन पाण्यापेक्षा कमी, म्हणून ती तरंगते.

आज तुमच्या घरात ती कुठे नाही ते सांगा. खुर्ची तिची, दोर तिचा. डॉक्टरची एकदा वापरून फेकायची सुई आहे ना, तिची नळी तिची. ट्रॅक्टरच्या बॅटरीचं खोकं तिचं. २०२० साली कोरोनात तोंडाला निळी पट्टी बांधून फिरलो, तो मास्क याच पॉलिप्रॉपिलीनचा होता. आणि कापडाच्या दुकानात साडी घेतली की कापडासारखी दिसणारी पिशवी देतात, ती कापडाची नाही. तीही हीच. सूत न काढता, न विणता, वितळलेले तंतू एकमेकांवर टाकून दाबून केलेली. काडी लावून पाहा. कापूस जळाला तर कागद जळाल्यासारखा वास येतो आणि राख होते. ही पिशवी आक्रसते, वितळून टपकते आणि मेणबत्तीचा वास येतो. हे मी मुद्दाम सांगतो, कारण गेल्या हंगामात एका शहाण्या माणसानं मला सांगितलं, "भाऊ, आम्ही युरियाचं पोतं सोडलं, आता कापडी पिशवीत वेचतो." पिशवी पाहिली तर ती ही!

मी प्लास्टिकच्या विरोधात उभा नाही. कृषी पदवीचं शिक्षण झालं तेव्हापासून मी पाइप, ताडपत्री, पोतं यांचे फायदेच सांगत आलो. तागाचं पन्नास किलोचं रिकामं पोतं अर्ध्या किलोच्या वर भरतं, हे शंभर-सव्वाशे ग्रॅमचं. ते पावसात सडतं, याला पाणी लागत नाही. ज्वारी यात भरा, खुशाल भरा. दाणा दाताखाली कट्ट वाजेपर्यंत वाळवा म्हणजे झालं. आतून पातळ पापुद्रा चिकटवलेलं पोतं असेल तर मात्र ओली ज्वारी भरू नका, वाफ बाहेर पडत नाही आणि दाण्याला कुबट वास येतो. धागा निघाला तरी ज्वारीत काही बिघडत नाही, सुपात पाखडताना उडून जातो. सरकारी खरेदीच्या धान्याला तागाचंच पोतं पाहिजे असा १९८७ चा कायदा आहे. तो तागाच्या गिरण्या जगाव्यात म्हणून झाला, ज्वारी चांगली राहावी म्हणून नव्हे.

पण कापूस पाखडता येत नाही. तिथेच सगळा घोळ आहे.

पोतं कसं तयार होतं ते ऐका. प्लास्टिक वितळवून त्याचा पातळ पडदा करतात, तो उभा चिरून अरुंद पट्ट्या काढतात आणि त्या पट्ट्या गरम करून पाच-सहा पट लांब ताणतात. ताणल्यामुळे आतल्या साखळ्या लांबीच्या दिशेनं सरळ होतात. म्हणून ओढली तर पट्टी तुटत नाही आणि चोळली तर उभी फाटत जाते. मघाशी पाहिलंत ते हेच. दुसरं, ऊन. या वस्तूला ऊन सोसत नाही. त्यात औषध मिसळतात म्हणून काही दिवस तग धरते, पण खताचं पोतं खत पोचवण्यापुरतं केलेलं असतं, तीन वर्षं वेचणीसाठी नाही. बांधावर टाकलेलं जुनं पोतं हातात घ्या, भुगा होतो. आपण वेचणीला नवं पोतं काढतच नाही. नवं पोतं विकतो किंवा ज्वारीला ठेवतो आणि उन्हानं गेलेलं जुनं वेचणाऱ्या बाईच्या हातात देतो.

आणि त्याआधी विळ्यानं त्याचं तोंड कापतो. कापलेल्या कडेच्या पट्ट्या मोकळ्या सुटतात. खताच्या पोत्याच्या तोंडाची शिवण ओढून काढतो, तो दोरा तिथंच सरीत पडतो. पुढे वाऱ्यानं खाली पडलेल्या कापसाबरोबर तो वेचला जातो. घरी आणून कापूस त्याच पोत्यांत पायानं दाबून भरतो. दिवाळीला भाव नाही, संक्रांतीला येईल म्हणून पडवीत ठेवतो. तोवर उंदीर पोती कुरतडतो. ट्रॉली भरली की वर ताडपत्री, तिला प्लास्टिकचा दोर. आणि आमच्या भागाचं खास योगदान म्हणजे खर्ऱ्याची पन्नी. खर्रा घोटायचा, तोंडात टाकायचा आणि पन्नी गंजीवर सोडून द्यायची. हमालानं सोडली तरी नाव आपलंच.

वेचणाऱ्या बायांना बोल लावू नका. त्यांची मजुरी किलोवर असते. पोतं आपण देतो, तोंड आपण कापतो. ओटी बांधायला त्या घरची जुनी साडी आणतात आणि ती साडी आता सुती राहिलेली नाही, पॉलिएस्टरची आहे. तिचाही धागा निघतो. पूर्वी फाटक्या लुगड्याची ओटी असायची, ते लुगडं कापसाचंच होतं. कापसात कापसाचा धागा गेला तर काय बिघडतं?

आता हा धागा पुढे जातो कुठे ते पाहू. एक क्विंटल कापसातून साधारण ३४ किलो रुई निघते. १७० किलोची एक गाठ, म्हणजे पाच क्विंटल कापूस. कोरडवाहूत एकरी पाच क्विंटल आला तर लोक म्हणतात बरं पिकलं. म्हणजे तुमचा एकर म्हणजे एक गाठ. जिनिंगमध्ये पाला, काडी, माती बरीचशी निघते. कारण काडी जड असते आणि कापसाला गुंतून राहत नाही. पोत्याची पट्टी हलकी आणि लांब, ती रुईला गुंतते आणि गाठीत जाते. गिरणीत गाठ फोडून पिंजतात, तेव्हा मी तळहातावर केलं तेच यंत्र करतं. एका पट्टीचे कित्येक तंतू होऊन पसरतात. चाळीस नंबरचं सूत एक किलो म्हणजे ६७ किलोमीटरच्या वर लांबी भरते. त्यात हा केस कुठे बसला, कोण शोधणार?

सूत पांढरं असतं, केसही पांढरा. कापड विणलं जातं, तोवर कोणाला पत्ता नाही. मग कापड रंगात बुडवतात. कापूस पाणी पितो आणि रंग धरतो. हे प्लास्टिक पाणीही पीत नाही आणि कापसाचा रंगही धरत नाही. गडद निळ्या कापडावर पांढरी रेघ उमटते. सगळा खर्च झाल्यावर, अगदी शेवटी. सुती कापडाच्या इस्त्रीची उष्णता दोनशे अंशाच्या आसपास जाते. हे १६०-१६५ ला वितळतं. म्हणजे इस्त्री फिरली की डाग पडतो नाहीतर भोक पडतं.

म्हणून गिरण्या गाठी फोडून बायांना ओळीनं बसवतात आणि हातानं धागे वेचायला लावतात. आमच्या बाया शेतात घालतात, त्यांच्या बाया गिरणीत काढतात! मोठ्या गिरण्यांनी कॅमेऱ्याची यंत्रं बसवली आहेत. निळा, पिवळा धागा यंत्राला दिसतो. पांढरा किंवा पारदर्शक दिसायला वेगळा प्रकाश टाकावा लागतो, ते यंत्र महाग आणि तरी काही सुटतंच. या सगळ्या खर्चाचं बिल गिरणी कोणाच्या नावे फाडते? रुईच्या भावात आधीच वजा करते. रुईचा भाव पडला की जिनिंगवाला कापसाचा पाडतो.

जगातल्या गिरण्यांकडून कापसातल्या कचऱ्याची माहिती गोळा करणारा एक महासंघ झ्युरिचला आहे. त्याच्या पाहण्यांत भारतातल्या कापसाचं नाव वारंवार सर्वांत जास्त भेसळीच्या यादीत आलं आहे. आपल्याला राग येतो, यायलाही पाहिजे. कारण अमेरिकेचा कापूस यंत्रानं वेचतात, त्याच्या गोल गाठोड्यांना प्लास्टिकच गुंडाळतात आणि त्याचे तुकडे तिथल्याही रुईत सापडू लागले. पण त्यांनी काय केलं? २०१८ पासून त्यांच्या कृषी खात्यानं प्रतवारीत प्लास्टिकसाठी वेगळा संकेतांक काढला. ज्याच्या गाठीत सापडलं त्याचा भाव कापला जातो. ज्याच्या गाठीत नाही, त्याचा वाचतो.

आपल्याकडे उलटं आहे. आपल्याकडे सगळ्यांचाच कापूस घाण धरतात. यार्डात तुमचा स्वच्छ कापूस आणि शेजाऱ्याचा धाग्यांचा कापूस एकाच गंजीवर पडतो आणि दोघांना एकच भाव. मग स्वच्छ वेचणारा विचार करतो, मी कशाला मरू? तोही पोतं घेतो. स्वच्छ ठेवायला कोणालाच कारण उरत नाही. शेतकरी अडाणी आहे म्हणून हे होतं असं मी मानत नाही. तो हिशेबानं वागतो आणि हिशेब चुकीचा मांडलेला आहे.

गिरणीवाल्यांना दुसरा हिशेब जमतो. त्यांचं म्हणणं असतं की आम्हाला बिनभेसळ कापूस बाहेरूनच आणावा लागतो, शुल्क काढा. २०२१ च्या अर्थसंकल्पात कापसावर ११ टक्के आयात शुल्क लागलं. २०२२ मध्ये ते काही महिने उठलं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा उठलं, ते डिसेंबरअखेरपर्यंत, म्हणजे ऐन आपला कापूस घरात येण्याच्या दिवसांत. धागा हेच एक कारण होतं असं मी म्हणणार नाही. अमेरिकेच्या जकातीचं राजकारण त्यात होतं, भावाचा फरक होता. पण आपल्या विरुद्ध वापरायला एक खरा मुद्दा आपणच त्यांच्या हातात देतो आणि तो पन्नास पैशांच्या पट्टीचा असतो, याचं मला दुःख आहे.

आता माझी गोष्ट. काही वर्षांपूर्वी आम्ही तीस जणांनी ठरवलं की शंभर गाठींचा एक लॉट स्वच्छ करायचा. शंभर गाठींचाच सौदा होतो म्हणून शंभर. पाचशे क्विंटल कापूस. मांजरपाटाच्या झोळ्या शिवल्या, बायांना डोक्याला बांधायला सुती फडकी दिली, कारण केसही कापसात जातात. सीतादही झालं त्या दिवशी शिवारातली जुनी पोती गोळा केली. घरात कापूस पोत्यात भरला नाही, खोली झाडून सुट्टा टाकला. जिनिंगला आमची दोन पोरं रात्रंदिवस बसली. एका व्यापाऱ्यानं खंडीमागे जास्तीचा भाव बोलला होता. त्यानं चार गाठी फोडल्या आणि चौथीत निळा धागा निघाला. त्यानं तो बोटावर गुंडाळून मला दाखवला. काही बोलला नाही आणि रोजचा भाव लावला.

तो धागा कोणाचा होता? माझा. आदल्या रात्री आभाळ आलं म्हणून ट्रॉलीवर मी माझी निळी ताडपत्री टाकली होती, कडेनं फाटलेली. ताडपत्री पॉलिप्रॉपिलीनची नसते, त्याच्या भावाची असते, पॉलिएथिलीनची. पण कापसाला दोघं सारखेच. तीस घरांची मेहनत आणि भाषण देणाऱ्याची ताडपत्री! त्या आठवड्यात मी गावात मान वर करून फिरलो नाही. एका म्हातारीनं मात्र झोळी परत दिली नाही. म्हणाली, ही खांद्याला रुतत नाही, मला हीच राहू दे.

दुसऱ्या वर्षी बावीसच जण राहिले. लॉट पूर्ण करायला शेजारच्या गावातले काही घेतले. ट्रॉलीवर सुती चादरी शिवून टाकल्या. धागा निघाला नाही. जास्तीचा भाव मिळाला, पण खरं सांगतो, फार नाही. क्विंटलवर वाटला तर झोळ्यांचा खर्च निघून थोडे पैसे हातात राहिले. काहीजण म्हणाले एवढ्यासाठी हा उपद्व्याप? मी म्हणालो, यंदा एवढ्यासाठीच. त्या व्यापाऱ्यानं पुढच्या सालासाठी दिवाळीआधी स्वतः फोन केला. माझ्या आयुष्यात व्यापाऱ्यानं कापूस घरात येण्याआधी मला फोन केला असं तेव्हा पहिल्यांदा झालं.

कारण असं आहे की हे कागदावर दिसत नाही. रुई तपासायच्या यंत्रात धाग्याची लांबी, ताकद, जाडी, रंग, काडीकचरा हे सगळं आकड्यात येतं. पोत्याचा धागा आकड्यात येत नाही. म्हणून इथं नाव विकलं जातं. २०२० साली केंद्र सरकारनं "कस्तुरी कॉटन" नावाचं चिन्ह काढलं आहे, गाठीचा माग काढता यावा अशी त्यात सोय आहे. चांगलं आहे. पण त्या चिन्हाचा जास्तीचा पैसा जिनिंगच्या फाटकात अडकतो की शेतापर्यंत येतो, हे आपण बघितलं पाहिजे. कापूस विकून रिकामा हात घेऊन घरी आलात तर तुम्ही कितीही स्वच्छ वेचा, फायदा रुई विकणाऱ्याचा. म्हणून माझा आग्रह आहे की गटानं कापूस जिनून घ्यायचा आणि रुई विकायची, सरकी वेगळी विकायची. एकेकट्यानं पोतं सोडू नका असं मी म्हणत नाही. पण एकट्यानं सोडलं तर भावात काही दिसणार नाही हे आधीच सांगतो, म्हणजे उद्या मला शिव्या बसणार नाहीत.

मघाशी एका भावानं विचारलं, हा खर्च गिरणीनं का करू नये? केला पाहिजे. जास्तीचा भाव देण्याचा लेखी करार आधी आणि झोळ्या नंतर, हे मी यंदा दोन ठिकाणी बोललो आहे. एकानं नाही म्हटलं, दुसऱ्याचं उत्तर यायचं आहे. तागाचं पोतं चालेल का असंही कोणी विचारलं. नाही. तागाची सुतळीसुद्धा कापसात नको, तोही परका धागाच. मांजरपाट किंवा जाड सुती कापड, पांढरं, रंगीत नाही. शिवताना दोरा सुती घ्या, शिंप्याकडे पॉलिएस्टरचा रीळ लावलेला असतो, त्याला सांगून बदलून घ्या. कापलेल्या कडा दुमडून शिवा.

आता तो कापूस पुढे द्या बघू. किती सापडले? चार? मी अकरा टाकले होते.

दसऱ्याच्या मागंपुढं वेचणी लागेल. त्याआधी ज्यांना लॉटमध्ये यायचं आहे त्यांनी गावाचं नाव, कोरडवाहू कापूस किती एकर आणि किती झोळ्या लागतील एवढं बाहेरच्या टेबलावर लिहून द्यावं. पंधरा-सोळा घरांच्या खाली एका गावात हे जमत नाही, तेव्हा कमी असतील तर शेजारच्या गावाशी बोलून या. आणि हे पोतं कोणाचं आहे, घेऊन जा. एक पट्टी कमी आहे.